औषधांचा वाद चालू राहू दे, शाळेतलं कुलूप आधी काढा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेले काही महिने पारलिंगी मुलांवर पत्रं येत आहेत. अशा मुलांच्या औषधांवर बंदी घालणारा कायदा अमेरिकेतल्या सर्वोच्च न्यायालयाने टिकवला, त्या निकालाच्या बातमीवरून सुरुवात झाली आणि बघता बघता चर्चा आपल्या शाळांवर येऊन ठेपली. एका गृहस्थांनी लिहिलं, की कोवळ्या पोरांना हार्मोनची इंजेक्शनं टोचणारी ही थेरं आपल्याकडे नकोत. आज शाळेत स्वच्छतागृह मागतील, उद्या शस्त्रक्रिया मागतील. त्या पत्राला उत्तर द्यावं म्हणून लिहिते आहे. मी सांगली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे आणि माझं थोरलं मूल पारलिंगी आहे. जन्माच्या दाखल्यावर मुलगी अशी नोंद, पण बोलायला लागल्यापासून तो स्वतःला मुलगाच म्हणत आला. आता दहावीत आहे. या पत्रात त्याच्याविषयी जे लिहिलं आहे ते त्याला वाचून दाखवलं आहे आणि त्याच्या परवानगीनेच पाठवते आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. उपचार काय करायचे हा एक प्रश्न आणि लघवीला कुठे जायचं हा दुसरा. पहिल्यावर डॉक्टरांचं, न्यायालयांचं, सरकारांचं अजून एकमत नाही आणि ते व्हायला वेळ लागेल. दुसरा प्रश्न मधल्या सुट्टीच्या पुढे थांबत नाही. या दोन्हींची गाठ मारली की पहिल्याच्या भांडणात दुसरा अडकतो. आणि तो अडकतो म्हणजे एक मूल दिवसभर लघवी रोखून वर्गात बसतं.

आमच्या शाळेतली सोय कशी आहे ते आधी सांगते. मुलांच्या बाजूला मैदानाच्या कडेला मुतारी आहे. एका भिंतीला फरशा लावलेल्या, खाली पन्हळ, वर पत्रा नाही. तिला लागून दोन संडास. एकाला दार नाही, दुसऱ्याला दार आहे पण कडी नाही. मुलींच्या बाजूला दारं आहेत, कड्या आहेत, नळाला बहुतेक वेळा पाणी असतं. २०१४ च्या १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून सांगितलं, की वर्षभरात प्रत्येक शाळेत मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह झालं पाहिजे. आमच्याकडची मुलींची बाजू त्यानंतरचीच. ही फार मोठी गोष्ट झाली, हे मी मनापासून म्हणते. आमच्या वेळी पाळीच्या दिवसांत निम्म्या मुली घरी बसायच्या.

आमचा पोरगा सहावीपर्यंत मुलींकडेच जायचा. सगळ्या गावातल्याच, लहानपणापासून ओळखणाऱ्या. सातवीला आसपासच्या वाड्यांवरून नवीन मुली आल्या. बारीक केसांचा, शर्ट-पँटमधला हा आत दिसल्यावर त्या ओरडत बाहेर पळाल्या. त्या मुलींना मी दोष देत नाही. वर्गशिक्षिकांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "पालक तक्रार करायला लागलेत, तू इकडे येत जाऊ नकोस." मग तो मुलांकडे गेला. तिथे उभं राहून करणं त्याला शक्य नाही आणि संडासाच्या दाराला कडी नाही. पोरं घोळका करून बाहेर उभी राहायची, दार ढकलायची. एकदा कुणीतरी मोबाइल वर धरला. त्या दिवसानंतर त्याने शाळेत लघवीला जाणंच सोडलं. घरी यातलं अक्षर बोलला नाही.

शाळा पावणेअकराला भरते, सव्वापाचला सुटते. एसटी मिळून घरी यायला सहा वाजतात. मला सुगावा लागला तो पाण्याच्या बाटलीवरून. सकाळी भरून दिलेली बाटली संध्याकाळी तशीच भरलेली परत यायची, एप्रिलच्या उन्हातसुद्धा. विचारलं की म्हणायचा, तहान लागत नाही. मग एका रात्री थंडी वाजून ताप भरला, कंबर धरली. लघवी तपासली तर पू-पेशी भरपूर, कल्चरमध्ये ई-कोलाय हे जंतू. गोळ्यांचा कोर्स झाला, बरा झाला, आणि शाळा सुरू होताच पुन्हा तेच.

असे रिपोर्ट मी कामावर रोज बघते. ऊसतोडीला आलेल्या बायकांचे तर हंगामभर येतात. फडात आडोसा नसतो, म्हणून त्या पाणी पीत नाहीत आणि अंधार पडेपर्यंत लघवी रोखून धरतात. त्यांना आम्ही सांगतो, "बाई, पाणी पीत जा, अंगावर काढू नका." सांगणं सोपं आहे. आडोशाशिवाय बाईमाणूस पाणी पिणार नाही, हे आमच्या खात्यातल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. माझ्या घरात तेच चाललं होतं. आणि त्याला पाळी आल्यावर तर त्याहून बिकट झालं. पॅड बदलायला जागा नाही, टाकायला डबा नाही. सकाळी लावलेलं पॅड संध्याकाळी घरी येऊन काढायचं. मांड्या सोलून निघायच्या. शेवटी ते चार दिवस तो शाळेतच जाईना.

मग माझे यजमान आणि मी मुख्याध्यापकांना भेटलो. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं, चहा मागवला, आणि म्हणाले, "ताई, तुमचं कळतं मला. पण माझ्या हातात काहीतरी कागद पाहिजे." कुठला कागद? तर मूल 'तसं' असल्याचा डॉक्टरांचा दाखला, काय उपचार चालू आहेत त्याची फाइल, आणि जिल्हाधिकाऱ्यांचं ओळख प्रमाणपत्र. हे सगळं आलं की शाळा समितीपुढे विषय ठेवू. त्या समितीतले एक सदस्य तिथेच बसले होते. त्यांनी विचारलं, "ऑपरेशन कधी करणार आहात? ऑपरेशन झालं की जाऊ दे की मुलांकडे." तेव्हा माझं लेकरू तेरा वर्षांचं होतं.

आपल्या पत्रलेखक गृहस्थांनी हे लक्षात घ्यावं. तेरा वर्षांच्या मुलाच्या ऑपरेशनची गोष्ट आम्ही काढली नव्हती. आम्ही एक दार आणि एक कडी मागत होतो. ऑपरेशनचा विषय समोरच्या खुर्चीतून आला, स्वच्छतागृहाची अट म्हणून आला.

आणि कायदा अशी अट घालत नाही. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात निकाल दिला. आपली लिंगओळख सांगण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं अनैतिक आणि बेकायदा आहे, असं न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री यांनी त्यात म्हटलं. रुग्णालयांत उपचार आणि सार्वजनिक ठिकाणी स्वच्छतागृहं, हे दोन्ही देण्याची जबाबदारी त्याच निकालाने केंद्रावर आणि राज्यांवर टाकली. एप्रिल २०१७ मध्ये स्वच्छ भारतच्या मार्गदर्शक सूचनांत आलं, की तृतीयपंथी व्यक्तीला स्त्रियांचं किंवा पुरुषांचं, तिला हवं ते सार्वजनिक स्वच्छतागृह वापरू द्यावं. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१९ च्या कायद्याने सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शाळेवर या मुलांना भेदभाव न करता सामावून घेण्याचं बंधन घातलं. त्या कायद्याखालच्या २०२० च्या नियमांनी स्वच्छतागृहांच्या सोयीसाठी दोन वर्षांची मुदत दिली, आणि ओळख प्रमाणपत्र कुठल्याही वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणीशिवाय द्यायचं असं म्हटलं. लहान मुलासाठी आईवडिलांनी अर्ज करण्याची सोय त्या नियमांत ठेवली. आम्ही केलेला नाही, कारण त्याला अठरा पूर्ण झाल्यावर तो स्वतःच्या सहीने करायचा आहे. तोपर्यंत त्याने लघवी कुठे करायची, हे जिल्हाधिकाऱ्यांना विचारायची गरज मला वाटत नाही.

१५ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या सगळ्या न्यायालयांच्या आवारात पुरुष, स्त्रिया, दिव्यांग आणि तृतीयपंथी यांच्यासाठी स्वच्छतागृहांची सोय करायला सांगितलं. वकिलांना आणि पक्षकारांना ती मिळायलाच हवी. पण न्यायालयात माणूस तारखेला जातो, शाळेत मूल रोज जातं.

औषधांच्या भांडणात शाळेची सोय कशी वाहून जाते, याचं उदाहरण २०२१ मध्ये सगळ्या देशाने पाहिलं, पण आता ते कुणाच्या स्मरणात दिसत नाही. शाळांची पाठ्यपुस्तकं तयार करणाऱ्या एनसीईआरटी या केंद्राच्या संस्थेने त्या वर्षी शिक्षकांसाठी एक पुस्तिका तयार केली होती, पारलिंगी मुलांना शालेय शिक्षणात कसं सामावून घ्यावं यावर. गणवेश, रांगा, बाकांची रचना, चिडवाचिडवी, स्वच्छतागृह अशा रोजच्या गोष्टी त्यात होत्या. नोव्हेंबरच्या सुरुवातीला राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने तिच्यावर हरकत घेतली. लिंगनिरपेक्ष सोयींमुळे मुलांच्या मनावर ताण येईल, हा त्यातला एक मुद्दा. वाहिन्यांवर आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ओरड झाली ती वेगळीच: मुलांना औषधं देणार, मुलामुलींचे संडास एक करणार. काही दिवसांतच पुस्तिका संकेतस्थळावरून गेली. मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद वेंकटेश यांनी डिसेंबरात या घाईच्या माघारीबद्दल नाराजी नोंदवली. जानेवारी २०२३ मध्ये नवा मसुदा आला. आमच्या शाळेच्या टेबलावर यातलं काहीही आलेलं नाही. मुख्याध्यापकांना मी दोष देते तो मर्यादित आहे. त्यांना मार्ग दाखवणारा कागद तयार झाला होता आणि तो परत घेतला गेला.

आता उपचारांविषयी. विषय माझ्या पेशातला आहे, म्हणून थोडं लिहिते.

लहान मुलांना या कारणासाठी कुठलंही औषध देत नाहीत. वयात येण्याची सुरुवात झाली की काही देशांत ती प्रक्रिया थांबवून धरणारी इंजेक्शनं देतात, महिन्याने किंवा तीन महिन्यांनी एकदा. ही इंजेक्शनं नवीन नाहीत. सहा-सात वर्षांच्या मुलीला पाळी येण्याची लक्षणं दिसू लागली तर तिला हीच देतात, आपल्या महाराष्ट्रातही देतात, आणि त्यावर कुणी मोर्चा काढत नाही. पारलिंगी मुलांसाठी ती वापरावीत का, हाडांवर काय परिणाम होतो, पुढे किती जणांना त्याचा उपयोग झाला, यावर मात्र खरा वाद आहे. ब्रिटनमध्ये डॉ. हिलरी कॅस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी एप्रिल २०२४ मध्ये अहवाल दिला, की या औषधांमागचा पुरावा कमकुवत आहे. तिथल्या सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये संशोधनाबाहेर अशा मुलांना ती नव्याने देणं बेमुदत बंद केलं. अमेरिकेत टेनेसी राज्याने अठरा वर्षांखालच्यांना या कारणासाठी ती औषधं आणि हार्मोन द्यायला बंदी घातली. १८ जून २०२५ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो कायदा टिकवला. त्याच देशातली बालरोगतज्ज्ञांची संघटना अशा बंदीच्या विरोधात आहे. यातली कुठली बाजू बरोबर, हे ठरवण्याइतकं माझं शिक्षण नाही. परंतु वाद आहे म्हणून काळजी घेणं थांबवा असं डॉ. कॅस यांनीही म्हटलेलं नाही. या मुलांना आस्थेने आणि घराजवळ सेवा मिळावी, असंच त्यांच्या अहवालाचं म्हणणं आहे.

आमच्याकडे इंजेक्शनांची गोष्टच निघाली नाही. मिरजेच्या ज्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे आम्ही त्याला नेतो, त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, की वय पुढे गेलं आहे, ती औषधं आता फारशी कामाची नाहीत. हार्मोनचा विचार तो सज्ञान झाल्यावर त्याचा तो करेल. शस्त्रक्रियेचा तर प्रश्नच नाही, आपल्याकडे जबाबदार डॉक्टर अठराच्या आत ती करत नाहीत. मग उपचार काय चालू आहेत? त्या त्याच्याशी बोलतात. झोप लागते का, अभ्यासात मन लागतं का, जीव नकोसा वाटतो का, हे विचारतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एके काळी 'हो' होतं. आम्ही घरी त्याला त्याने निवडलेल्या नावाने हाक मारतो. धाकटी बहीण त्याला दादा म्हणते. याला कुणी पाश्चात्य उपचार म्हणणार असेल तर काय बोलावं मला सुचत नाही.

पाळी काही काळ थांबवण्याच्या गोळ्यांविषयी मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलणं चालू आहे. ही गोष्ट मी मुद्दाम लिहिते. घरात सत्यनारायण आहे, भाचीचं लग्न आहे, वारीला जायचं आहे, म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आपल्याकडे बायका सर्रास घेतात. कितीतरी जणी डॉक्टरांना न विचारता, मेडिकलमधून परस्पर. तेव्हा निसर्गात ढवळाढवळ झाली असं कुणाला वाटत नाही. एका मुलाला शाळा बुडू नये म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली तीच गोळी द्यायची म्हटलं तर संस्कृती बुडते का?

आणखी एक गोष्ट. प्रसूतिगृहात कधी कधी असं बाळ जन्मतं, की मुलगा का मुलगी हे बघून सांगता येत नाही. बाळ-बाळंतीण घरी जायच्या आत नातेवाइक विचारायला लागतात, "सिस्टर, ऑपरेशन करून काहीतरी एक करून टाका." त्या बाळाला बोलता येत नाही, कुणी त्याला विचारू शकत नाही, जिवाला धोका नसला तरी कापायची घाई. मद्रास उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये तान्ह्या आणि लहान मुलांवरच्या अशा शस्त्रक्रिया थांबवायला सांगितल्या आणि तमिळनाडू सरकारने त्याच वर्षी तसा आदेश काढला. मुलांच्या शरीराशी खेळू नका म्हणणाऱ्यांनी हीच मागणी महाराष्ट्रात केली तर मी त्यांच्या बाजूने उभी राहीन.

उपचारांच्या नावाखाली आमच्या मुलाला खरी भीती होती ती इंजेक्शनांची नव्हे. एका डॉक्टरांनी, नाव लिहीत नाही, "मला द्या सहा महिने, सरळ करून देतो" असं सांगितलं होतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच अशा 'सरळ करण्याला' व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. एका चुलत्यांनी देवऋष्याचा पत्ता दिला. सासूबाईंच्या माहेरच्यांनी सुचवलं, की सौंदत्तीला नेऊन यल्लमाला कौल लावा. सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडच्या वाचकांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. गळ्यात कवड्यांची माळ आणि हातात परडी घेतलेले, देवीला सोडलेले, साडी नेसणारे जोगते आमच्या दारात पिढ्यान् पिढ्या येतात. आपण त्यांच्या पाया पडतो, परडीत पीठ घालतो. ही माणसं अमेरिकेतून आलेली नाहीत. त्यांनाही कधी काळी आईबाप होते, कुठल्यातरी गावात एक शाळा होती. २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुषांखेरीज 'इतर' या रकान्यात देशभरात ४,८७,८०३ जणांची नोंद झाली. त्यात ५४,८५४ मुलं सहा वर्षांपर्यंतची होती. साक्षरता छप्पन्न टक्क्यांच्या आसपास. त्या वेळी सहा वर्षांपर्यंतची असलेली मुलं आज माध्यमिक शाळेत किंवा कॉलेजात असायला हवीत. ती कुठे आहेत, हे शिक्षण खात्याने शोधावं.

मुलींच्या पालकांची काळजी मी हसण्यावारी नेत नाही. मलाही मुलगी आहे, त्याच शाळेत आहे. अनोळखी पुरुष मुलींच्या स्वच्छतागृहापर्यंत पोचू नये, हे मलाही तितकंच वाटतं. पण त्याचा उपाय कडी, उजेड, उंच भिंत आणि लक्ष ठेवणारी मावशी हा आहे. आणि माझ्या मुलाला मुलींकडे जायचंच नाही. त्याला मुलांच्या घोळक्यातही जायचं नाही. त्याला एकट्यासाठी एक खोली हवी आहे, पाच मिनिटं.

ती खोली आमच्या शाळेत होती. वर्षानुवर्षं होती. इमारतीच्या मागच्या अंगाला, उतरता रॅम्प, स्टीलचा कठडा, रुंद दार, आत कमोड आणि धरायला दांडे. भिंतीवर व्हीलचेअरचं निळं चित्र. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी बांधलेलं स्वच्छतागृह. त्याला कुलूप होतं आणि आत मोडके बाक, कवायतीच्या काठ्या, लेझीम आणि रंगाचे रिकामे डबे भरलेले होते. दिव्यांग मुलं आमच्या शाळेत नाहीत का? आहेत. आठवीत कुबड्या घेऊन येणारी एक मुलगी आहे. मधल्या सुट्टीत तिची आई येऊन तिला घरी नेऊन आणायची.

गेल्या जूनमध्ये नवीन मुख्याध्यापिका आल्या. आम्ही पुन्हा गेलो, पुन्हा सगळं सांगितलं. बाईंनी कुठलाही कागद मागितला नाही. शिपाईमामांना हाक मारली, कुलूप काढायला लावलं, सामान जिन्याखाली हलवलं. सुरुवातीला किल्ली कार्यालयात खिळ्याला असायची. मग बाईंच्याच लक्षात आलं, की किल्ली मागायला जाणं म्हणजे सगळ्यांसमोर जाहीर करणं. त्यांनी कुलूपच काढून टाकलं, आतून कडी बसवली, झाकणाचा डबा ठेवला. 'ज्याला गरज असेल त्याने वापरावे' एवढंच दारावर लिहिलं. आता ती आठवीतली मुलगी जाते. पोट बिघडलेला एखादा पाचवीतला पोरगा जातो. पाळीत मुलींकडच्या रांगेत उभं राहायला लाजणाऱ्या मुली जातात. माझा मुलगा जातो, आणि तो का जातो हे कुणाला विचारावंसं वाटत नाही. या सगळ्याला कडीचा खर्च आला. लघवीचा संसर्ग त्यानंतर झालेला नाही. बाटली रिकामी येते.

म्हणून शिक्षण खात्याकडे माझी मागणी साधी आहे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून बांधलेली दिव्यांगांची स्वच्छतागृहं ज्या ज्या शाळांत आहेत, ती वापरात आहेत की कुलपात, याची गटशिक्षणाधिकाऱ्यांनी समक्ष जाऊन पाहणी करावी. ती उघडावीत, आतून कडी बसवावी, आणि दिव्यांग मुलांचा पहिला हक्क राखून गरजेच्या कुठल्याही मुलाला खुली ठेवावीत. जिथे अशी खोली नाही तिथे मुलांच्या बाजूच्या एका संडासाला दार आणि कडी लावावी, जी सगळ्याच मुलग्यांना हवी आहे. यासाठी कुणाचंही प्रमाणपत्र मागू नये, उपचारांची चौकशी करू नये, असं परिपत्रकात स्पष्ट लिहावं. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पारलिंगी शिक्षिकेच्या याचिकेवर निकाल देताना २०१९ चा कायदा कागदावरच राहिल्याबद्दल सरकारांना सुनावलं आणि न्या. आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीचं काम होत राहील. परिपत्रक काढायला तिची वाट बघायची गरज नाही.

परीक्षा मंडळाकडेही एक मागणी आहे आणि ती तातडीची आहे. येत्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या मुलाची दहावीची परीक्षा आहे. केंद्र आमच्या शाळेत नसतं, दुसऱ्या गावच्या शाळेत असतं. प्रवेशपत्रावर दाखल्याप्रमाणे 'मुलगी' असं येईल आणि दारात मुलगा उभा असेल. कॉपीमुक्त अभियानामुळे आत सोडताना मुलांची झडती सर घेतात, मुलींची बाई घेतात. त्याची कुणी घ्यायची? फोटो जुळत नाही म्हणून त्याला बाहेर थांबवलं तर? तीन तासांच्या पेपरात त्याने कुठल्या बाजूला जायचं? आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी केंद्रसंचालकांना पत्र दिलं आहे, तोंडी उत्तर आलं की "वरून आदेश नाही." असा विद्यार्थी राज्यात एकटा माझाच नसणार. मंडळाने सर्व केंद्रसंचालकांना दोन ओळींची लेखी सूचना द्यावी: अशा विद्यार्थ्याची झडती त्याला विचारून, त्याला चालेल त्या शिक्षकाने, आडोशाला घ्यावी, आणि केंद्रावरचं एक कडीचं स्वच्छतागृह त्याला वापरू द्यावं. गणिताच्या पेपरला जाताना त्याने पाणी पिऊन जावं, असं मला वाटतं.

हे पत्र छापताना कृपया माझं आणि गावाचं नाव देऊ नये. नाव, पत्ता आणि फोन सोबतच्या वेगळ्या कागदावर दिला आहे. मंडळाच्या किंवा शिक्षण खात्याच्या कुणा अधिकाऱ्यांना अधिक माहिती हवी असल्यास आपण तो त्यांना जरूर द्यावा.

आपली विश्वासू,

एक परिचारिका,
जि. सांगली